लॅपटॉपचं घड्याळ आपोआप बरोबर नसतं

परवा रात्री भाच्याने पिधानाबद्दल, म्हणजे लघुग्रह ताऱ्यासमोर येऊन त्याला झाकतो त्याबद्दल, एक फॉरवर्ड पाठवला: "लघुग्रहाच्या पिधानाची नोंद करायला जीपीएस वगैरे लागत नाही. लॅपटॉप इंटरनेटवरून वेळ घेतो, म्हणजे ती अचूकच असते. सेकंदभर इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. जीपीएस तर उलट १८ सेकंद चुकतो." खाली त्याचा प्रश्न: "मामा, मग आपण एवढा खटाटोप का करतो?"

सेकंदभराने बिघडत नाही, हे सगळ्यात घातक. लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याची सावली जमिनीवरून धावते, बऱ्याचदा सेकंदाला १०-२० किलोमीटर वेगाने. वेग २० धरला आणि लघुग्रह ३० किलोमीटरचा असला, तर सेकंद चुकलेली नोंद त्याच्या निम्म्या आकाराहून जास्त सरकते. चार गावांतल्या निरीक्षकांच्या जीवा (प्रत्येकाच्या नोंदीतून मिळणारी लघुग्रहावरची एकेक रेघ) जुळवून आकार काढणाऱ्याने तिचं करायचं काय? रात्रभर जागून काढलेली नोंद तो बाजूला ठेवणार! हो, तारा किती वेळ लपला ते मागे पडलेल्या घड्याळानेही नीट निघतं, एवढं मान्य. पण रेकॉर्डिंग चालू असताना विंडोजने मधेच वेळ बदलली की तेही हातचं गेलं.

"इंटरनेटवरून घेतो." घेतो, पण कधी? भाच्याला सेटिंग उघडायला लावलं: शेवटचं सिंक सहा दिवसांपूर्वीचं. गच्चीवर वायफाय पोचतच नाही. आतला, घड्याळ चालवणारा क्वार्ट्झ स्फटिक दिवसाला सेकंद-दीड सेकंद सहज सरकतो, आणि गारठ्यात तो वेगही बदलतो. खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलं होतं की विंडोजची टाइम सेवा मुख्यतः नेटवर्कवरच्या लॉगिनसाठी आहे. तिथे पाच मिनिटांचा फरक चालतो! विंडोज १० च्या आधीच्या आवृत्त्यांत एक-दोन सेकंदांचीही हमी ते देत नव्हते. बनवणाराच असं सांगत असेल तर फॉरवर्डवर कशाला विश्वास ठेवायचा?

१८ सेकंदांचं अर्धसत्य आहे. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे, पण रिसीव्हर तो फरक वजा करून देतो. बरेच दिवस बंद असलेला रिसीव्हर सुरुवातीला चुकू शकतो, कारण उपग्रह ही माहिती साडेबारा मिनिटांतून एकदाच पाठवतो. वीस मिनिटं आधी आकाशाखाली लावून ठेवा.

भाच्याच्या लॅपटॉपवर मी माइनबर्ग कंपनीचा मोफत एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ सतत जुळवत राहणारा प्रोग्राम) टाकलाय, विंडोजची टाइम सेवा बंद केलीय आणि सर्व्हर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा दिलाय. पिधानाच्या दोन तास आधी हॉटस्पॉटवर चालू करायचा आणि शेवटपर्यंत तोडायचा नाही.