आठही प्रायॉरिटीवर पीएफसी चालू करू नका

हिंगणघाट-वणी पट्ट्यात नेटवर्किंगची कामं करणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर एक सल्ला फिरतोय: "स्विचवर आठही प्रायॉरिटीला पीएफसी चालू करा. क्यू लॉसलेस होते, एकही पॅकेट पडत नाही, नेटवर्क फास्ट होतं." हाच सल्ला डोक्यात घेऊन ही पोरं उद्या नागपूर-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये कामाला लागतील, म्हणून लिहितोय. पीएफसी (प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल) म्हणजे स्विचमधली तात्पुरती साठवण, म्हणजे बफर, भरत आलं की पाठवणाऱ्याला "थांब" सांगायची सोय. ट्रॅफिकच्या आठ प्रायॉरिटी असतात, प्रत्येकीची वेगळी रांग (क्यू), आणि जिच्यात पॅकेट पडू नये अशी रांग म्हणजे लॉसलेस.

"एकही पॅकेट पडत नाही." पीएफसी फक्त बफर भरल्यामुळे पडणारं पॅकेट वाचवतं. मागच्या हंगामात एका जिनिंगमध्ये कॅमेऱ्यांचं चित्र तुटायचं. पोर्टवर सीआरसी एररचा (वाटेत खराब झालेल्या पॅकेटांचा) आकडा सारखा चढत होता. केबल उंदराने कुरतडली होती. तिथे पीएफसी काय करणार?

बफरचंही गणित आहे. जिनिंगचं गेट बंद केलं तरी रस्त्यात असलेल्या कापसाच्या गाड्या येतातच, त्यांना आवारात जागा राखावी लागते. तसंच "थांब" सांगितल्यावरही वाटेतली पॅकेट येतातच; त्यांच्यासाठी राखलेल्या बफरला स्विचमध्ये हेडरूम म्हणतात. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन-येऊन १०. १०० गिगाबिटच्या लिंकवर तेवढ्या वेळात १२५ किलोबाइट येऊन धडकतात. रॅकमधल्या दोन-तीन मीटर केबलपुरतं हेडरूम ठेवून लांबचं फायबर जोडलं, तर "लॉसलेस" रांगेतूनही पॅकेट पडतं.

"आठही प्रायॉरिटीला." १९९७ च्या ८०२.३एक्स या इथरनेट मानकातला पॉज, म्हणजे "थांब" हा निरोप, अख्खी लिंक थांबवायचा. २०११ चं ८०२.१क्यूबीबी, म्हणजेच पीएफसी, आलं ते नेमकी एक रांग थांबवून बाकीच्या चालू ठेवण्यासाठी. टीसीपीला (नेहमीच्या वेब-फाइलच्या ट्रॅफिकला) तर बहुतेक वेळा पॅकेट पडल्यावरच वेग कमी करायचं कळतं. शिवाय प्रत्येक लॉसलेस प्रायॉरिटीला प्रत्येक पोर्टवर हेडरूम राखायचं म्हणजे सगळ्यांच्या वाट्याचं बफर आटतं.

"नेटवर्क फास्ट होतं." हे सगळ्यात घातक. काट्यावर गाड्या तुंबल्या की रांग गेटबाहेर, मग हमरस्त्यावर येते. ज्याला जिनिंगमध्ये जायचंच नाही, दवाखान्यात पेशंट न्यायचाय, तोही त्याच रांगेत अडकतो. पीएफसीत तेच होतं. एक मंद सर्व्हर "थांब" म्हणतो, त्याच्या स्विचचं बफर भरतं, तो मागच्या स्विचला थांबवतो, आणि त्याच प्रायॉरिटीतला दुसरीकडे निघालेला ट्रॅफिकही उभा राहतो. स्विचेसनी एकमेकांना गोल थांबवलं तर डेडलॉक, म्हणजे कुणीच पुढे सरकत नाही. त्यासाठीच पीएफसी वॉचडॉग असतो: फार वेळ अडलेल्या रांगेतली पॅकेट तो टाकून देतो. म्हणजे लॉसलेस रांगेतही पॅकेट मुद्दाम टाकायची सोय ठेवावीच लागली.

पीएफसी लागतं ते आरओसीईसारख्या (इथरनेटवरून एका सर्व्हरच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेणाऱ्या) ट्रॅफिकला, कारण तिथे एक पॅकेट हरवलं तरी अनेक नेटवर्क कार्डं तिथून पुढचं सगळं परत पाठवतात. त्याच्यासाठी एकच प्रायॉरिटी ठेवा, बहुतेक ठिकाणी ३ घेतात. डीएससीपी (पॅकेटवरचा प्रायॉरिटीचा शिक्का) मॅपिंग सर्व्हरपासून शेवटच्या स्विचपर्यंत सारखं ठेवा, पीएफसी लिंकच्या दोन्ही टोकांना लावा, वॉचडॉग चालू ठेवा. ईसीएनचं (गर्दी होतेय अशी खूण पॅकेटवर करून पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावणाऱ्या सोयीचं) मार्किंग पॉजच्या आधी सुरू व्हायला हवं. पॉज फ्रेमचे काउंटर सतत चढत असतील, तर ईसीएनचं मार्किंग सुरू होण्याची मर्यादा खाली आणून बघा.