कमिशन, चार बायका आणि सीआयए: एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो फॉरवर्ड पुन्हा आला. सायकलवर दोन गोरी पोरं, पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. खाली मजकूर: हे मॉर्मन मिशनरी. अमेरिकन चर्च यांना डॉलरमध्ये पगार देतं, एक माणूस बाटवला की वर कमिशन. दोन वर्षं फुकटात परदेश. घरच्यांशी बोलायची बंदी. जबरदस्तीने पाठवतात. खरे तर सीआयएचे हेर. परत गेल्यावर चार-चार बायका. आणि शेवटी ठळक अक्षरांत, "दारात उभं करू नका, जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

मॉर्मन हा ख्रिस्ती परंपरेतून निघालेला अमेरिकन पंथ, त्याचं मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला. मी त्या शहराच्या दक्षिणेला एका उपनगरात नऊ वर्षं राहतोय. आमच्या गल्लीत आमचं आणि आणखी दोन घरं सोडली तर सगळे याच चर्चचे. मी त्यांच्यातला नाही आणि होण्याची शक्यताही नाही, चहा सोडावा लागतो. पण चार उन्हाळे आमच्या अंगणातलं गवत कापणारा शेजारचा मुलगा सध्या तैवानमध्ये, ताइचुंगला, अशीच पट्टी लावून फिरतोय. म्हणून गप्प बसवलं नाही.

पगारापासून सुरुवात करू, कारण तिथे फॉरवर्ड नुसता चुकत नाही, उलटा चालतो. ही मुलं पगार घेत नाहीत, पैसे भरतात. अमेरिकेतल्या मिशनरीच्या घरून दरमहा ठरावीक रक्कम जाते. जुलै 2020 पर्यंत ती 400 डॉलर होती, तेव्हापासून 500. मुलांची सेवा 24 महिन्यांची, म्हणजे 12,000 डॉलर. मुलींची 18 महिन्यांची. मुलगा महागड्या टोकियोत गेला काय किंवा स्वस्त गावात गेला काय, रक्कम तीच. गरीब देशांतल्या मुलांना मदत मिळते. आमच्या शेजारच्या पठ्ठ्याने गवत कापून, बर्फ उपसून निम्मे पैसे स्वतः साठवले होते. आमच्याकडून मिळालेल्या नोटा तो एका बरणीत टाकायचा आणि बरणीवर लिहिलं होतं "मिशन". उरलेले आई-वडिलांनी घातले, तेही उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला दिल्यावर.

खरा टोचणारा प्रश्न इथे आहे आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तो सुचलाच नाही. हे चर्च काही गरीब नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था या दोघांना मिळून 50 लाख डॉलरचा दंड केला, कारण अब्जावधींची गुंतवणूक आडोशाच्या कंपन्यांच्या नावावर दाखवून झाकली होती. एवढा पैसा असताना पोरांच्या बरणीतल्या नोटा कशाला लागतात? मी हे शेजाऱ्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "फुकट दिलं तर कुणी मनापासून करेल का?" मला हे उत्तर पूर्ण पटलेलं नाही. पण पगाराचा आरोप तिथेच संपतो.

कमिशनचं तर गणितच बसत नाही. चर्चच्याच आकड्यांनुसार 2024 च्या अखेरीस 74,127 मिशनरी प्रचाराचं काम करत होते आणि त्या वर्षात 3,08,682 लोक नव्याने चर्चमध्ये आले. दर मिशनरीमागे वर्षाला चार. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी साडेसहाला उठून रात्री नऊपर्यंत वणवण केल्यावर चार! आपल्याकडचा विमा एजंटसुद्धा एवढ्यावर टिकणार नाही.

"फुकटात परदेश" हे वाचून शेजारच्या त्या मुलाची आई हसली असती. कुठे जायचं हे मुलगा निवडत नाही. अर्ज करतो, आणि चर्चच्या बारा "प्रेषितां"पैकी, म्हणजे आजच्या वरिष्ठ नेत्यांपैकी, एक जण ठिकाण ठरवतो. त्याला "कॉल" म्हणतात. पूर्वी जाडजूड पांढरं पाकीट यायचं, 2018 पासून ऑनलाइन येतो. त्याचा कॉल आला त्या संध्याकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता आणि आलेल्या प्रत्येकाने अंदाजाची टाचणी टोचायची होती. माझ्या बायकोने हौसेने नागपूरवर टोचली. त्याने मोठ्याने वाचलं, "तैवान, ताइचुंग मिशन," आणि खोलीत ओरडा झाला. मग अर्धा मिनिट सगळे नकाशावर ते बेट शोधत होते.

तिथे गेल्यावर पर्यटन कसलं? युटातल्याच प्रोव्हो शहरातल्या चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे चिनी घोकायची आणि मग थेट रस्त्यावर. सकाळी व्यायाम, धर्मग्रंथाचा अभ्यास, भाषेचा अभ्यास, नंतर सायकल. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. एकटं फिरणं तर नाहीच. जोडीदार म्हणजे "कम्पॅनियन" सतत नजरेच्या टप्प्यात हवा, न्हाणीघर तेवढं वगळून. जोडीदारही स्वतः निवडायचा नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते, त्यात जोडी फुटू शकते किंवा गावच बदलतं. आपल्या हॉस्टेलमधल्या रूममेटशी भांडण झालं तर दार आपटून बाहेर तरी जाता येतं.

घरच्यांशी बोलायची बंदी हा मुद्दा जुना झालाय. खरंच एक काळ असा होता की नाताळ आणि मदर्स डे असे वर्षात दोनच फोन. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी, ज्याला ते "पी-डे" म्हणतात, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. ताइचुंगचा सोमवार सकाळचा दहाचा कॉल उन्हाळ्यात इथे रविवारी रात्री आठला लागतो. एका रविवारी आम्ही तिथेच होतो. पडद्यावर पोरगा वाळलेला दिसत होता. मागे दोरीवर सहा पांढरे शर्ट. आईने विचारलं, बूट कसे आहेत? त्याने बूट कॅमेऱ्यासमोर धरला आणि तळव्याच्या भोकातून बोट बाहेर काढून हलवलं. आई हसली आणि लगेच ओट्याकडे वळली, उगाच भांडी सरकवायला.

त्याची सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे चहा. त्यांच्या धर्मात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. ग्रीन टीसुद्धा चालत नाही, 2019 मध्ये चर्चच्या तरुणांसाठीच्या मासिकाने ते पुन्हा स्पष्ट केलं. आणि पोरगा नेमका उलाँग चहाच्या देशात! एक आजोबा प्रेमाने घरात घेतात, छोट्या पेल्यात चहा ओततात, आणि मोडक्या चिनीत याने नाही म्हणायचं. आता त्याने तोडगा काढलाय, तिथलं एक गोड सरबत मागतो. नावात "चहा" आहे पण चहापत्ती नसते. ते ज्या फळाचं करतात त्याचा बाजारातला फोटो त्याने दाखवला आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "अहो, हा कोहळा!" त्याने तो शब्द वहीत लिहून घेतला.

आता जबरदस्ती. इथे मात्र मी फॉरवर्डला पूर्ण खोटं म्हणणार नाही. कुणी हात धरून विमानात बसवत नाही. पण मुलगा पाळण्यात असल्यापासून घरात "मिशनला जाशील तेव्हा" असं बोललं जातं, जसं आपल्याकडे "इंजिनिअर होशील तेव्हा". मुलींनी जावं, स्वागत आहे, पण मुलांच्या बाबतीत ते कर्तव्यच मानतात. 2012 मध्ये मुलांचं किमान वय 19 वरून 18 केलं, म्हणजे शाळा संपली की मध्ये विचार करायला फारसा वेळही नाही. आमच्याच गल्लीतला एक जण पाच महिन्यांत परत आला. कारण कुणी सांगितलं नाही, पण लोक जास्तच गोड बोलायला लागले आणि तो रविवारी मागच्या दाराने ये-जा करायला लागला. याला जबरदस्ती म्हणा किंवा म्हणू नका, मन दाबणारी गोष्ट आहे. "चार लोक काय म्हणतील" याचा इंग्रजी अवतार मी तेव्हा जवळून बघितला.

पण मग श्रद्धा खरी की पढवलेली? माझा समज होता की पढवलेली. पण त्या रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये ताइचुंगचा आमचा पोरगा सहज बोलून गेला. दारोदार तो लोकांना एकच गोष्ट सांगतो, बुक ऑफ मॉर्मन (त्यांचा धर्मग्रंथ) वाचा आणि देवालाच विचारा हे खरं आहे का. एका बाईने त्याला उलट विचारलं, "तू विचारलंस का?" त्याला चिनीतही उत्तर सुचेना आणि इंग्रजीतही. त्या रात्री जोडीदार झोपल्यावर त्याने विचारलं. "काय उत्तर आलं?" असं त्याच्या धाकट्या बहिणीने विचारलं तर म्हणाला, "आवाजबिवाज काही नाही. पण सकाळी सायकल काढावीशी वाटली." मी नास्तिकतेकडे झुकणारा माणूस, मला यातून देव सिद्ध होत नाही. पण पाठ केलेलं वाक्य असं नसतं.

बायकांचा मुद्दा एका ओळीत संपतो. बहुपत्नीत्व चर्चने 1890 मध्ये जाहीरपणे थांबवलं, आज कुणी केलं तर चर्चमधून काढून टाकतात. ते अजून पाळणारे छोटे फुटीर गट वेगळे.

सीआयएची शंका जुनी आहे. हेरगिरीच्या संशयाचं वारं असतानाच घानाने जून 1989 मध्ये यांच्या मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं आणि दीड वर्षाने चर्चला परत परवानगी दिली. भाषा येते म्हणून परतल्यावर काही जण सरकारी नोकरीत, अगदी गुप्तचर खात्यातही जातात, हे खरं. पण छातीवर नावाची पट्टी लावून, रोज तोच गणवेश घालून, दिसेल त्याला थांबवून स्वतःची ओळख सांगणारा हेर कुठल्या खात्याला परवडेल?

आणि ग्रुपवर कुणीतरी खाली लिहिलं होतं की हे आता आपल्याकडेही शिरतायत. आता? ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक 1852 मध्येच मुंबईला उतरला, वर्तमानपत्रांनी आणि पाद्र्यांनी त्याची सालटी काढली, म्हणून पुण्याला गेला. तिथे मूठभर माणसं जमली. काही वर्षांत सगळं आटोपलं. पुणं त्याच्यानंतरही पुणंच राहिलं.

दारात उभं करायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. नको असेल तर सरळ नको म्हणा, त्यांना दिवसातून पन्नासदा सवय असते. ऊन फार असेल तर पाणी विचारा. चहा मात्र टाकू नका, वाया जाईल.