गरम नाश्ता आदल्या रात्रीच करून ठेवा

घरातल्या सगळ्यांना गरम पोहे वाढून स्वतः मात्र उभ्याउभ्या चहा-बिस्किटांवर लोकल गाठणाऱ्या बायका माझ्या ओळखीत खूप आहेत. मीही कित्येक वर्षं तेच केलं. मग कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी ओट्स खायला सांगितले.

आधी पाकिटातले मसाला ओट्स आणले. तीन मिनिटांत होतात, पण दहा वाजताच पोटात खड्डा पडायचा. आता घरात स्टील कट ओट्सच असतात. आपले नेहमीचे ओट्स म्हणजे वाफवून चपटे केलेले दाणे, थोडेफार पोह्यांसारखे. स्टील कट म्हणजे अख्ख्या दाण्याचे पात्याने केलेले दोन-तीन तुकडे, तांदळाच्या कण्यांसारखे. चावून खावे लागतात आणि जेवणापर्यंत भूक लागत नाही. अडचण एकच, शिजायला अर्धा तास लागतो. सकाळी तो कुणाकडे असतो?

म्हणून ते रात्री शिजवायचे. रात्रीच्या भाजीशेजारी दुसऱ्या शेगडीवर चार वाट्या पाण्याला उकळी आणते, चिमूटभर मीठ, एक वाटी ओट्स, आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. मध्येमध्ये ढवळायचं, नाहीतर तळाला धरतात. थोडे कच्चट असतानाच उतरवायचे, उरलेलं काम ते मुरताना होतं. थंड देशांत पातेलं रात्रभर तसंच ओट्यावर ठेवतात, आपल्या दमट हवेत ते करू नका. पसरट भांड्यात काढून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दूध रात्री घालायचं नाही.

सकाळी वडीसारखा घट्ट गोळा झालेला दिसेल. बिघडलेलं नसतं, ओट्समधल्या बीटा-ग्लुकनचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या तंतूचा, आणि स्टार्चचा तो गुण आहे. हेच बीटा-ग्लुकन दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, १९९७ साली तसं पाकिटावर छापायला परवानगी दिली. गोळ्यावर अर्धी वाटी उकळतं पाणी ओतून डावाने मोडायचा आणि वाफ येईपर्यंत गरम करायचा. मला त्यावर मोहरी, हिंग, कढीपत्ता, आलं आणि मटारची फोडणी लागते. मुलगी गरम दूध, खजूर आणि भाजलेले तीळ घालते.

ओट्स परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक सांगते. स्कॉटलंडमधल्या कारब्रिज गावात १९९४ पासून लापशीची स्पर्धा भरते, आणि तिथल्या पारंपरिक प्रकारात ओट्स, पाणी आणि मीठ एवढंच चालतं. आपली ज्वारीची आंबील यापेक्षा कितीशी वेगळी? पीठ ताकात रात्रीच भिजत पडायचं, सकाळी चुलीवर चढायचं. माझी आजी तेच करायची आणि सगळ्यांबरोबर बसून प्यायची.

स्टील कट महाग पडतात, हे खरं. मग गव्हाचा दलिया घ्या, तुपावर भाजून याच पद्धतीने रात्री शिजवा. पण करा. आमच्याकडे आता जो आधी उठतो तो आपली वाटी स्वतः गरम करून घेतो. नवऱ्याला फोडणीही जमते. मी सकाळी सव्वासहाला खुर्चीत बसून खाते, आणि माझी वाटी शेवटपर्यंत गरम असते.