थेंबे थेंबे टाकी भरे

आपण खान्देशी माणसं. भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजतो, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशीकडून काम करून घेतो. रात्रीच्या भाकरीचा सकाळी कुस्करा होतो. अशा घरात वाढलेल्या तुम्हाला धुळ्याच्या गोंदूरला नाहीतर जळगावकडे विमानांच्या एखाद्या हँगरमध्ये नोकरी लागली आणि डोळ्यांदेखत निळंशार पेट्रोल टाकून देताना बघावं लागलं, तर पोटात तुटणारच. तुटायलाच हवं.

माल साधा नाही. एव्हगॅस, १०० एलएल, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल. २०२२ च्या सप्टेंबरात इंडियन ऑइलने आपल्याकडे काढायला सुरुवात केली, तोवर ते परदेशातून यायचं. किंमत गाडीच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी चढी. आणि टाकी गळते म्हणून, नाहीतर विमानाचं वजन करायचं म्हणून हे काढावं लागतं. सेसना १५२ या शिकाऊंच्या छोट्या विमानात ९८ लिटरच्या आसपास, १७२ च्या नव्या मॉडेलात २१२. शिवाय रोज पहिल्या उड्डाणाआधी आणि दर वेळी इंधन भरल्यावर निचऱ्याच्या प्रत्येक तोटीतून थोडं थोडं कपात काढून बघायचं, पाणी-कचरा आहे का ते. नव्या १७२ ला अशा तेरा जागा! तेरा घोट रोज जमिनीत? छे.

तर आधी कॅन बघा. नवी घ्यायची नाही, ती उधळपट्टी झाली. कपाशीच्या फवारणीची असते ना घरी, वीस लिटरची, ती तीनदा विसळा. तळाशी पांढरं काही राहिलंच तर राहू द्या, इंजिनाला तरी कुठे चव कळते? कॅनवर काही लिहू नका. लिहिलं की चार जण विचारतात. त्याच कोपऱ्यात तशाच दिसणाऱ्या कॅनमध्ये कुणी जेट ए-१ ठेवलं असेल, म्हणजे डिझेल इंजिनाच्या विमानाचं रॉकेलसारखं इंधन, तर शेजारधर्म म्हणून जवळजवळ ठेवा.

प्लास्टिकचीच कॅन हवी, हे विसरू नका. लोखंडी पिंप असेल तर लोक लगेच त्याला तार जोडा, विमानाला तार जोडा, पिंपाची तार जमिनीत द्या, असं मागे लागतात. प्लास्टिकला तार जोडून उपयोग नाही, म्हणजे तो त्रासच संपला. मे महिन्यात आपल्याकडची हवा किती कोरडी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो, अंधारात ठिणग्यासुद्धा दिसतात. तोच शर्ट घालून उंचावरून धार धरा, प्लास्टिकच्या नरसाळ्यातून, मजा येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीवरून सरपटत जाते आणि दाराशी बिडी ओढत बसलेल्या वॉचमनला स्वतःच जाऊन भेटते.

हात धुवायलाही हेच वापरा. ग्रीस झटक्यात निघतं आणि उन्हाळ्यात काय गार वाटतं! एलएल म्हणजे लो लेड, कमी शिसं. कमी म्हणजे विमानाच्या हिशेबात कमी, लिटरला अर्ध्या ग्रॅमहून जरा जास्तपर्यंत. ते कातडीतूनही अंगात जातं. फुकट मिळतंय तर तेही घ्या.

उरलेलं मोटारसायकलमध्ये. शिशाचं पेट्रोल रस्त्यावरून २००० सालीच गेलं, पण तुमची गाडी जुन्या वळणाची असेल तर तिला आवडेल. नवी बीएस-६ असेल तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही शिशाने बसतात. त्यांच्या बिलात किती लिटर एव्हगॅस आलं असतं, हा हिशेब मात्र करू नका. काटकसर करणाऱ्याने हिशेबात पडू नये.

आता मुख्य गोष्ट: परत विमानात ओतणं. हँगरमध्ये एक तरी किटकिट्या इंजिनीअर असतोच. तो म्हणेल, टाकीतलं चांगलं इंधन स्वच्छ, बंद, लोखंडी पिंपातच काढा, पिंपावर ग्रेड, तारीख, विमानाचा नंबर लिहा, गाळून आणि तपासूनच परत घाला, आणि कपातलं संशयाचं आहे ते वेगळ्या पिंपात टाका, ते विमानात जाणार नाही. ऐकून घ्या. मान हलवा.

मग तो कप तुमच्यापुढे धरेल. पारदर्शक कप, मधोमध खिळा, निळं इंधन. तळाशी पाण्याचा एक थेंब, साबुदाण्याएवढा, कप तिरका केला की इकडून तिकडे पळतो. सांगा त्याला, एवढंसं पाणी! किंवा त्याहून सोपं: अख्खा कपच पाण्याने भरू द्या. मग इंधन आणि पाण्यामधली रेघ दिसत नाही, सगळं कसं एकसारखं आणि नितळ. रंग नाही हे कुणाच्या लक्षात आलं तर म्हणा, ऊन लागलं.

जेट ए-१ मिसळलं असेल अशी शंका कुणी काढली तर रंग दाखवा. थोडं मिसळलं तर निळा रंग तसाच दिसतो. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून मात्र बघू देऊ नका, चहाडखोर असतो तो कागद. नुसतं एव्हगॅस असेल तर उडून जातं, मागे काही राहत नाही. जेट असेल तर भज्यांच्या कागदासारखं तेलकट कडं उरतं.

शिवाय विमान लगेच कुठे बंद पडतं? नळ्यांत आधीचं चांगलं इंधन असतं. त्यावर ते सुरू होतं, धावपट्टीच्या टोकापर्यंत जातं, उठतंसुद्धा. पुढचं काय ते वर गेल्यावर.

"काही व्हत नही, भो," असं म्हणून कॅन रिकामी करा, झाकण लावा, हात पुसा. पायलट म्हणेल, चला, टाकीचं काम झालंय तर एक चक्कर मारू, तुम्हीही बसा शेजारी. तेव्हा घड्याळ बघा. तुम्हाला चाळीसगावला लग्नाला जायचंय, आणि बाराची एसटी चुकवून चालणार नाही.