ऑफिसचं नेटवर्क आपल्या मुठीत कसं ठेवावं

ऑफिसचं नेटवर्क तुम्ही सांभाळता आणि तरी तुम्हाला कुणी विचारत नाही? मग चूक तुमचीच. नेटवर्क चालतंय ना? चालणाऱ्या नेटवर्कवाल्याला चहासुद्धा कुणी विचारत नाही.

सुरुवात पत्त्यांपासून करा. राउटरमधलं डीएचसीपी येईल त्याला मोकळा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा नंबर, आपणहून देतं. ते चालू राहू द्या, उगाच संशय नको. फक्त त्याच्या ताब्यात १९२.१६८.१.२ पासून २५४ पर्यंतची अख्खी रांग द्या आणि त्यातलाच ५० नंबर प्रिंटरवर हाताने टाका. राउटरला सांगू नका. एखाद्या सकाळी प्रिंटर चालू व्हायच्या आधी साहेबांचा फोन ऑफिसात शिरतो आणि राउटर त्याला बिनदिक्कत ५० देऊन मोकळा होतो. मग अकाउंट्सवाले चलनं छापायला सोडतात, ती जातात साहेबांच्या खिशात. साहेब जेवायला बाहेर पडले की थोड्या वेळात प्रिंटर सुरळीत! परत आले की पुन्हा ठप्प. या दोन गोष्टींचा संबंध जोडणारा माणूस तुमच्या ऑफिसात नाही, निश्चिंत राहा. प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवायची सोय त्याच पानावर खाली असते, म्हणून तेवढं खाली स्क्रोल करू नका.

आता रेंज निवडण्याविषयी. खासगी वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन मोठे पट्टे मोकळे सोडलेत. नुसत्या १० च्या पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते आहेत. तुम्ही मात्र १९२.१६८.१ च घ्या, कारण निम्म्या स्टाफच्या घरच्या राउटरवरही तेच असतं. घरून व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी बोगदा, लावून बसलेला माणूस ऑफिसचा १९२.१६८.१.१० हा फाइल सर्व्हर शोधतो आणि त्याचा लॅपटॉप तो इमानदारीत त्याच्याच घरात, टीव्ही आणि फ्रिजच्या आसपास शोधत राहतो. तुम्ही फोनवर सांगायचं, ‘तुमच्या घरचं नेट स्लो आहे.’

नावांची गंमत याहून वरची. पहिला डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, ऑफिसचा द्या आणि दुसरा, ‘सेफ्टीसाठी’, गूगलचा ८.८.८.८. सगळे माना डोलावतील. आतला सर्व्हर जरा उशिरा बोलला की मशीन गूगलला विचारतं. तुमच्या ऑफिसातला ‘टॅली-सर्व्हर’ गूगलच्या बापाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून उत्तर येतं: असं कुणी नाही. कधी लागतं, कधी लागत नाही. कायम बंद पडलेलं कुणीही दुरुस्त करतं हो, अधूनमधून बंद पडणाऱ्यालाच तज्ज्ञ लागतो.

सिस्कोचा राउटर असेल तर तुमचं नशीब थोर. ‘नो आयपी डोमेन-लूकअप’ ही नावं शोधणं बंद करणारी एक ओळ टाकायची नाही, बस्स. साहेब मागे उभे असताना एखादी कमांड चुकीची टाइप करा. राउटर तिला कुणा मशीनचं नाव समजतो, २५५.२५५.२५५.२५५ वर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना, हाका मारत सुटतो आणि स्क्रीन गोठते. कपाळाला आठ्या घाला, ‘ट्रॅफिक खूप आहे’ म्हणा. स्क्रीन सुटली की साहेबांना वाटतं, तुम्हीच सोडवलीत.

हे सगळं छोट्यांचे धंदे वाटत असतील तर ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. देखभालीतल्या एका कमांडने फेसबुकचं अंतर्गत जाळं तुटलं, त्यांच्या डीएनएस सर्व्हरचे रस्तेच इंटरनेटवरून पुसले गेले आणि व्हॉट्सअॅपसकट सगळं जवळपास सहा तास गप्प. सर्व्हर चालू होते, फक्त कुणाला सापडत नव्हते. तुमचं ध्येयही तेवढंच उंच ठेवा.

आणि उद्या कुणी नवा पोरगा येऊन विचारेल, ‘सर, हे सगळं कुठे लिहून ठेवलंय?’ त्याला सांगा, एक्सेल आहे ना, शेअर्ड ड्राइव्हवर. ड्राइव्हचं नाव रिझॉल्व्ह होत नसेल, म्हणजे त्याचा पत्ताच सापडत नसेल, तर त्याला तुम्ही काय करणार?