जिलेटिनचा ज्वालामुखी

ज्वालामुखीखाली मॅग्मा (वितळलेला खडक) वर येताना जमीन कशी फुगते हे समजायला जिलेटिनच्या टाकीत खालून रंगीत पाणी सोडायचं आणि वरचा पृष्ठभाग किती फुगतो ते मोजायचं, हे लेखात वाचून खाली एकांनी 'पोरखेळ' म्हटलंय. तसं नाही हो. पारदर्शक जिलेटिनमध्ये पाण्याची पातळ, उभी पात वर सरकताना डोळ्यांना दिसते. ती वर येऊ लागली की पृष्ठभागावर एक टेंगूळ येत नाही, दोन बाजूंना दोन उंचवटे येतात आणि मधला पट्टा दबतो. नोव्हेंबर 2023 मध्ये आइसलंडच्या ग्रिंडाविकखाली मॅग्मा घुसला तेव्हा गावातला पट्टा असाच खचला, मीटरभराहून जास्त.

लेखात एक गोष्ट मात्र राहिली. जिलेटिन लवचिक असतं, खडकासारखं भ्रंशावर, म्हणजे तुटलेल्या भेगेवर, घसरत नाही. मॅग्माच्या दाबाने जमीन किती फुगेल ते सांगणारं, जपानी शास्त्रज्ञ मोगी यांचं 1958 चं गणितही खडक पूर्ण लवचिक धरूनच चालतं, त्यामुळे टाकी आणि गणित जुळलं म्हणून लगेच हुरळायचं कारण नाही. म्हणून काही प्रयोगांत सिलिकाची बारीक पूड घेतात, ती तुटते-घसरते. पण तिच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, आली का पंचाईत!

आणि खाली किल्लारीच्या भूकंपाचा संबंध ज्वालामुखीशी लावणाऱ्या भाऊंना: 1993 चा धक्का भ्रंशाचा होता. वेरूळची लेणी ज्यात कोरली तो आपला लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालाय. तो ज्या भेगांतून वर आला तशा गोठलेल्या भेगा धुळे-नंदुरबारकडे काळ्या भिंतींसारख्या उभ्या आहेत. संपादक, त्यावर एक लेख येऊ द्या की.