पेलोसीबाईंना विरोध करून झाला असेल तर आता ग्रामपंचायतीकडे वळूया

आमच्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक इंग्रजी फॉरवर्ड फिरतं. गर्भपाताची बाजू घेणाऱ्या पुढाऱ्याला मत देणारा कॅथलिक देवापुढे दोषी, असा मजकूर. सोबत बायडेन आणि पेलोसी या गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणाऱ्या अमेरिकेतल्या कॅथलिक पुढाऱ्यांचे फोटो. त्याखाली हात जोडल्याच्या इमोजींची रांग. सांगलीच्या विश्रामबाग, मिरज, कुपवाडातली आम्ही मूठभर कॅथलिक माणसं. बायडेनला मत देण्याची किंवा न देण्याची सोय आम्हाला कधीच नव्हती. तरी राग मात्र कडक येतो.

आधीच सांगतो, मला चर्चची शिकवण मान्य आहे. गर्भात वाढणारा जीव हा माणूसच, आणि त्याला मारायचा अधिकार कुणाला नाही, हे मी मानतो. स्त्री-चळवळीतल्या माझ्या मैत्रिणींना हे आवडत नाही. आमचं भांडण जुनं आहे, चहा पिऊन चालूच असतं. राजकारण्याने गर्भपाताला मोकळीक देणारा कायदा केला तर कॅथलिक माणसाने त्याला विरोध करावा, हेही मला पटतं. बेल्जियमचे राजे बोदुआँ यांचं उदाहरण माझ्या फार आवडीचं. १९९० साली त्यांच्या संसदेने गर्भपाताचा कायदा मंजूर केला आणि सही करायला राजा नाही म्हणाला. शेवटी मंत्रिमंडळाने त्यांना राज्य करण्यास असमर्थ ठरवलं, स्वतः सह्या करून कायदा लागू केला आणि दुसऱ्या दिवशी संसदेने राजाला परत गादीवर बसवलं. कायदा थांबला नाही. पण माणसाने आपली सही दिली नाही.

दुसऱ्याला कम्युनियन, म्हणजे मिस्सेच्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, नाकारण्याचा प्रकार मात्र मला झेपत नाही. मे २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी नॅन्सी पेलोसी यांना कम्युनियन घेण्यास मनाई केली. त्याच्या आधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, पोप फ्रान्सिस विमानात पत्रकारांना सांगून बसले होते की गर्भपात ही हत्याच आहे, पण मी आजवर कुणाला कम्युनियन नाकारलेलं नाही. दोघेही कॅथलिक, दोघांची शिकवण एकच. ज्याला जो सोयीचा, त्याचं वाक्य तो फॉरवर्ड करतो.

फॉरवर्डवाले आणखी एक गोष्ट गाळतात. पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९९५ चं पत्र ते उठसूट पुढे करतात. असा कायदा करायला किंवा त्याला मत द्यायला कॅथलिकाला परवानगी नाही, असं त्यात आहेच. पण तिथेच, ७३ व्या परिच्छेदात पुढे असंही आहे की कायदा पूर्ण रद्द होणं शक्य नसेल, तर त्याचं नुकसान कमी करणाऱ्या प्रस्तावाला लोकप्रतिनिधीने पाठिंबा द्यायला हरकत नाही. म्हणजे होईल तेवढं वाचवा. आणि २०२५ मध्ये पोप लिओ यांनी स्पष्टच विचारलं, गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा, हे कसलं जीवनाच्या बाजूने असणं? ते वाक्य आमच्या ग्रुपवर काही आलं नाही.

असो. अमेरिका राहू द्या. आपल्याकडे काय?

आपल्याकडे पहिली अडचण ही की विरोध करायला माणूसच सापडत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली. चर्चने आक्षेप घेतला. पण विधेयक लोकसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं, राज्यसभेतही आवाजीनेच. राज्यसभेत विरोधकांनी ते प्रवर समितीकडे पाठवायला सांगितलं, तेही आवाजीनेच फेटाळलं गेलं. अमेरिकेत कुठल्या सिनेटरने कुठे मत दिलं याची नोंद असते, म्हणून तिथल्या बिशपांना नावानिशी बोट दाखवता येतं. इथे आपल्या खासदाराने ‘होय’ म्हटलं, ‘नाही’ म्हटलं की तो तेव्हा कँटीनमध्ये होता, हे मतदाराला कळायची सोय नाही. प्रचारात तर हा विषय मी ऐकलेलाच नाही. आमच्याकडे प्रचार ऊसदर, टेंभू-म्हैसाळचं पाणी आणि जात यांवर चालतो.

पण एक कायदा आहे. तो दिल्लीत नाही, मुंबईत झालाय, आणि लागू होतो थेट गावात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं, तर माणूस ग्रामपंचायत लढवायला अपात्र. सदस्य असेल तर पद जातं. जिल्हा परिषदेलाही तेच. २००५ पासून सरकारी नोकरीच्या नव्या भरतीलाही अशीच अट.

मी महसूल खात्यात कारकून होतो, निवडणुकीच्या कामाला लागत होतो. छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत काय चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एका गावची महिला राखीव जागा. बाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या, बोलतायत नवरोबा. विरोधी पॅनेलच्या माणसाने प्लास्टिकच्या पिशवीतून जन्मनोंदीचा उतारा काढला, त्याला शाळेचा बोनाफाईड जोडलेला. साहेब, यांना तिसरं पोरगं आहे. नवरोबा म्हणाले, ते दिराचं. दीर मागे उभाच होता, त्याने मान डोलावली. मग अर्धा तास दोन्ही बाजूंचे वकील त्या पोराचा बाप कोण यावर बोलत राहिले. निवडणूक निर्णय अधिकारी घड्याळ बघत होते, कारण पाठीमागे अजून गठ्ठा पडला होता. बाईंना कुणी एक शब्द विचारला नाही. आपण पोटातून काढलेलं मूल कागदावर जावेचं होताना त्या ऐकत होत्या.

पण जे पोर दिराच्या नावावर गेलं, ते निदान जन्माला तरी आलं. जे येऊ दिलं नाही, त्याच्यावर कुठल्या छाननीत आक्षेप निघणार?

आता जिल्हा कुठला ते बघा. २००१ च्या जनगणनेत सांगलीत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८५१. शेजारी कोल्हापुरात ८३९. अशा मुलखात सरकार सांगतं की जागा दोनच. ज्या घरात पहिली मुलगी आहे आणि ज्या घराला सरपंचपदही हवंय, ते घर दुसऱ्या वेळी काय करेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकारी गरोदर बायकांना सोबत घेऊन सोनोग्राफी सेंटरवर सापळे लावत होत्या, लिंगनिदान करणारे डॉक्टर पकडून देत होत्या, तेव्हा आम्ही चर्चवाले प्रवचनात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टावर बोलत होतो. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळला एका विवाहितेचा गर्भपात करताना मृत्यू झाला आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण निघाले. आमच्या चर्चपासून गाडीवर अर्धा तास लागत नाही. त्यानंतर आम्ही किती पुढाऱ्यांना जाब विचारला?

कुणी म्हणेल, दोन अपत्यांच्या अटीने कुणावर गर्भपाताची सक्ती होत नाही, फक्त निवडणूक लढवता येत नाही. हरियाणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००३ साली असाच विचार करून अट वैध ठरवली. कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. पण गावात निवडणूक म्हणजे घराची इज्जत, आणि इज्जतीचा हिशेब बाईच्या पोटावर मांडला जातो. निर्मला बुच यांनी पाच राज्यांत पाहणी केली होती. त्यात बायकोला टाकून देणं, मूल लपवणं, दत्तक दाखवणं, गर्भ पाडणं, सगळं आढळलं. त्या अभ्यासक होत्या, चर्चच्या प्रचारक नव्हेत. आणि ज्या हरियाणाच्या खटल्याचा एवढा दाखला देतात, त्या हरियाणानेच अट काढून टाकली. हिमाचल आणि मध्य प्रदेशनेही काढली, आंध्रने २०२४ मध्ये. महाराष्ट्रात मात्र सरकारं बदलली, पक्ष फुटले, पुन्हा जुळले, ही अट कुणी हलवली नाही. गंमत म्हणजे ज्या विधानसभेने ती केली, तिच्या आमदारांना ती लागू नाही. आमदाराला सात पोरं असली तरी चालतं.

चर्चची भूमिका इथे अगदी स्वच्छ आहे. मुलं किती हे आई-बापांनी विचारपूर्वक ठरवायचं, त्यात सरकारने बळजबरी करायची नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून लिहून ठेवलंय. म्हणजे ज्याच्या धोरणाला जीवनाच्या शिकवणुकीवरून विरोध करावा, असा राजकारणी आपल्याला रोज भेटतो. नाताळात तो चर्चच्या आवारात येतो, केक कापतो, फादरांना शाल घालतो, सेल्फी काढतो. आणि आपण त्याला स्मशानभूमीच्या कंपाउंडसाठी निधी मागतो. मागावा, कंपाउंडही लागतंच. पण सोबत हेही विचारावं. आमची मतं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हे मला ठाऊक आहे. पण या प्रश्नावर आम्ही एकटे नाही. माझ्याशी चहावर भांडणाऱ्या मैत्रिणीही ही अट नको म्हणतात, त्यांची कारणं वेगळी आहेत एवढंच. त्यांच्या शेजारी उभं राहून सही करायला माझ्या श्रद्धेला काही धक्का बसत नाही.

मी निवेदनाचा मसुदा लिहिलाय, पानभर आहे, मराठीत. मागण्या दोनच. पंचायत कायद्यातली दोन अपत्यांची अट काढा, आणि जिल्ह्यातल्या सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीचा अहवाल लोकांसमोर ठेवा. तो आमदारांना द्यायचा, पालकमंत्र्यांना द्यायचा, आणि उत्तर आलं तर सहीसकट इथेच टाकायचं. रविवारी मिस्सेनंतर मी पार्किंगपाशी थांबतो. ज्यांना सही करायची त्यांनी यावं. इतर धर्मांचे असाल तरी या. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी तर जरूर यावं, पेन मी आणतो.